डब्यात शेगडी घ्यायची का? (भंडारदरा, ऐन जुलैत)

आमच्याकडे गेले काही महिने एकच वाद चालू होता, पिकअपच्या मागे जो डबा बसवलाय त्यात शेगडी आत फिट करायची की बाहेर फाळक्यावर ठेवून स्वयंपाक करायचा. नवरा म्हणे बाहेर, मोकळ्या हवेत, निसर्गात वगैरे. मी म्हणे ठीक आहे रे, पण जुलैत त्या निसर्गात उभं कोण राहणार ते आधी सांग.

डबा म्हणजे काय ते सांगते. पिकअपच्या हौद्यात ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्याला पॅनल, रात्री छप्पर वर उचललं की उभं राहता येतं आणि दिवसा खाली बसवून क्लिपा लावल्या की गाडी बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये (खांबांमधल्या पार्किंगमध्ये) शिरते (जेमतेम शिरते, वॉचमन रोज श्वास रोखून बघतो). कुर्ल्याला सीएसटी रोडवर करून घेतला. बेल्टांनी आवळलाय, काढता येतो, कारण गाडीची मूळ बांधणीच बदलायची म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि आरटीओच्या फेऱ्या, त्यात आम्हाला पडायचं नव्हतं. फॅब्रिकेटर मात्र पहिल्या दिवसापासून मागे लागलेला, मॅडम दोन बर्नर टाकून देतो ना, एकदम घरचं किचन. मी म्हटलं जागा सोडून ठेव, आधी एकदा पावसात जाऊन येतो मग ठरवू.

म्हणून भंडारदरा. मुलुंडहून शुक्रवारी संध्याकाळी निघालो, मी, नवरा आणि सासरे (म्हणजे बाबा). भिवंडी बायपासला नेहमीप्रमाणे अडकलो, पण यावेळी पहिल्यांदा त्या ट्रॅफिकचा राग आला नाही, कारण गाडी चालू असली की अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणारं वीज बनवणारं यंत्र) मागची लिथियम बॅटरी चार्ज होते, 30 अँपिअरचा चार्जर आहे, तासाला साधारण पावणेचारशे वॉट-अवर भरतात. त्यामुळे नवरा हॉर्न वाजवतोय आणि मी मागे मोबाईलवर टक्के वाढताना बघतेय असं चाललं होतं. कसारा घाटात धुकं, घोटीला डावी-उजवीचा नेहमीचा गोंधळ, बारीला कळसूबाई कुठे आहे हे ढगात बोट दाखवून सांगायचं, आणि शेंडीला पोचेपर्यंत मिट्ट काळोख. रात्री एका ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावून झोपलो.

सकाळी रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ पावसातच बघावं, काळा दगड ओला झाला की कोरीवकाम असं काही उठून येतं की उन्हाळ्यात बघितलेलं तेच देऊळ का असा प्रश्न पडतो. पुष्करणी काठोकाठ. बाबा तिथे अर्धा तास उभे होते छत्री घेऊन, मग हळूच म्हणाले, "अगं, चहाचं काही जमेल का?"

तर इथून प्रयोग सुरू. आधी नवऱ्याची पद्धत. फाळका उघडला, वर ताडपत्री बांधली, फाळक्यावर छोटी कॅनवाली शेगडी, म्हणजे गॅसच्या छोट्या कॅनवर चालणारी. रतनवाडीत जमलं, चहा झाला, नवरा जिंकल्यासारखा बघत होता. मग साम्रदवरून घाटघरला गेलो. तिथे कोकणकड्यावरून वारा सरळ अंगावर येतो, पाऊस वरून पडतच नाही, आडवा येतो. ताडपत्रीचा पतंग झाला, शेगडी तीनदा विझली, आणि विझली म्हणजे गॅस चालूच राहतो हे लक्षात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, खाली साठतो. बाहेर वाऱ्याने पसरून जातो म्हणून ठीक, आमचा डबा तर चारी बाजूंनी हौद्यात बसलेला, आत गळला तर तळाशीच बसणार आणि रात्री खालच्या बेडवर बाबांचं डोकं बरोब्बर तिथे. अमेरिकेतले ट्रक कॅम्परवाले (पिकअपवर असाच डबा बसवून फिरणारे) म्हणूनच सिलिंडरला वेगळा कप्पा देतात, आतल्या बाजूने पूर्ण सील आणि तळाला बाहेर उघडणारं भोक, शिवाय गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत. आमच्या फॅब्रिकेटरच्या ड्रॉइंगमध्ये सिलिंडर बेडखाली होता. असो.

मग माझी पद्धत. शेगडी आत घेतली, दार उघडं, छपराची खिडकी उघडी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू (याला पर्याय नाही, त्या वायूला वास नसतो, झोप येतेय असं वाटतं आणि तेवढंच). खिचडी टाकली. वीस-पंचवीस मिनिटांत खिचडी झाली आणि डब्याची न्हाणी झाली. हे कोणी सांगत नाही बघा, सगळे स्फोटाबद्दल बोलतात. एक किलो एलपीजी जळला की त्यातून दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, हे नुसतं ज्वलनाचं, कुकरची वाफ वेगळी. काचांवरून धारा, कापडी भिंती ओल्या, पांघरूणं दमट, वर फोडणीचा वास उशीला. थंड कोरड्या देशात खिडकी उघडली की ती वाफ निघून जाते, इथे बाहेरची हवाच चिंब आहे, खिडकी उघडून काय निघून जाणार? उलट पाऊस आत. रविवारी घरी येईपर्यंत गादीखालच्या प्लायला बुरशीचा वास यायला लागला होता.

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. आम्ही त्या ताडपत्रीशी झुंजत होतो तेव्हा समोरच्या घरातल्या मावशी दारात येऊन बघत होत्या, बराच वेळ बघितलं आणि मग ओरडल्या, "अय बाई, पावसात काय चाललंय तुमचं, आत या चुलीपाशी!" गेलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि चुलीच्या धगीला बाबांचे मोजे वाळत घातलेले. पैसे द्यायला गेलो तर आधी नाही म्हणाल्या, मग भाजीवाल्यासारखा हिशोब न करता जे दिलं ते घेतलं.

तिथे बसल्यावर मला वाटलं की आपण वाद कशावर घालतोय. ट्रक कॅम्परच्या परदेशी व्हिडिओतल्या माणसांना शे-दोनशे किलोमीटर वाळवंटात माणूस दिसत नाही, त्यांना पूर्ण स्वयंपाकघर लागणारच. सह्याद्रीत तुम्ही कुठेही थांबा, दर थोड्या अंतरावर घर आहे, चूल आहे आणि सांगून ठेवलं तर जेवण आहे. आम्हाला आत काय लागतं? पहाटेचा चहा, बाबांच्या गोळ्यांना गरम पाणी, आणि अगदीच अडकलो तर पातळ खिचडी. एवढ्यासाठी गॅसची लाइन, कप्पा, डिटेक्टर, भोकं?

आणि सोसायटी! सिलिंडर गाडीत ठेवून गाडी स्टिल्टमध्ये लावायची म्हणजे वर पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमखाली. सेक्रेटरींनी आधीच विचारलं होतं, "त्या खोलीत गॅस वगैरे नाही ना?" त्यांचं चुकत नाही. मग प्रत्येक वेळी छोटू सिलिंडर लिफ्टने वर न्यायचा का?

तर ठरलं ते असं. आत गॅस नाही. आत छोटा इलेक्ट्रिक कुकर, 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे बाराशे-ऐंशी वॉट-अवरच्या आसपास. एक लिटर पाणी उकळायला सगळी गळती धरून शंभर-एकशेदहा जातात, त्यामुळे तिघांचा दोन वेळचा चहा आरामात. इंडक्शन घ्यावं असं नवऱ्याला वाटत होतं, पण 800 वॉट खेचायला 12 व्होल्टवर 70 अँपिअर लागतात, वायर चांगली जाड हवी, आणि स्वस्तातली इंडक्शन कमी सेटिंगला ठेवली तरी मधूनमधून पूर्ण ताकदीने चालू-बंद होतात, इन्व्हर्टर ट्रिप होतो. एकच अडचण, पावसात सोलर जवळजवळ शून्य, दोन दिवस एका जागी थांबलो तर रोज गाडी थोडी फिरवून आणावी लागते.

कॅनवाली शेगडी आहेच, बाहेर, कोरड्या दिवसात, आणि तिच्यापाशी नवरा उभा राहणार हे लेखी घेतलंय. स्पीतीचा विषय निघालाय, तिथे हे गणित बदलतं, कारण कॅनमधलं ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वायू व्हायलाच तयार नसतं आणि थंडीत लिथियमचं चार्जिंगही बंद करावं लागतं. पण ते पुढच्या वर्षी, आधी नवऱ्याला सुट्टी मिळू दे.