भूल आणि जाग: धापेवाड्याच्या वाटेवर

पंढरपूर नागपूरपासून लांब पडतं. म्हणून आषाढातली पौर्णिमा आली की विठोबाच धापेवाड्याला येतो, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. कळमेश्वर तालुक्यातलं हे गाव. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नावही चंद्रभागाच, आणि तिच्या काठी कोलबास्वामींच्या भक्तीमुळे नावारूपाला आलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. नागपूरहून चाळीसेक किलोमीटर. गाडीने गेलं तर सकाळचा चहा घरी आणि दर्शन करून दुपारचं जेवणही घरी. आम्ही पायी निघालो, कळमेश्वरला मुक्काम धरून.

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाची जाग घालवायची, सर्जनचं काम होईपर्यंत त्याचा श्वास आणि रक्तदाब सांभाळायचा आणि मग ती जाग परत आणायची, हे माझं रोजचं काम. त्या कामात एक प्रश्न कायम पायाशी घुटमळत असतो. पण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पुढचा पेशंट टेबलावर आलेला असतो, तो प्रश्न तिथे हातात घेऊन बसता येत नाही. वारीत बसता येतं, खरं तर चालता येतं.

काटोल नाक्यावरून दिंडी निघाली तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. पुढे विणेकरी, मागे टाळकरी, मग तुळस घेतलेल्या बाया. माझ्यासोबत आमच्या कॉलनीतले एक सर होते, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेली. सर वारकरी नाहीत, विठोबाला हात जोडत नाहीत. पण चालायला आणि बोलायला त्यांना मनापासून आवडतं. "कळमेश्वरपर्यंत येतो मॅडम, तिथून बसने परत," म्हणाले.

गोरेवाड्याच्या पुढे एक मावशी माझ्या बाजूने चालायला लागल्या. डोक्यावर तुळशीचं पितळी वृंदावन, एक हात त्याला, दुसरा मोकळा. मी काय करते ते त्यांनी विचारून घेतलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "बाई, तुमी सुई देता नं, मंग माणूस जाते कोठी?"

मी सवयीचं उत्तर दिलं. "कुठे जात नाही मावशी, झोपतो."

"झोप नसते थे. झोपीत मले समजते, रात भल्ली झाली का आताच डोया लागला. माह्या पिशवीच्या आपरेशनात तसं काईच नाई झालं. डाक्टरनं सुई लावली, अन् लगेच म्हणे, झालं मावशी, उठा. मधातलं कोनी कापूनच नेलं."

मावशींनी जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे. रोज पाहते मी ते. भुलीतून बाहेर येणारा पेशंट कितीदा तरी विचारतो, "सुरू कधी करणार?" पोट उघडून शिवून झालेलं असतं, घड्याळात तीन तास गेलेले असतात, आणि त्याच्या लेखी एक क्षणही गेलेला नसतो. झोपेतून उठलेला माणूस असं विचारत नाही.

आपल्याकडे यावर फार जुना वाद आहे. गाढ झोपेतून उठून माणूस म्हणतो, "छान झोप लागली, काही कळलंच नाही." वेदान्ती म्हणतात, हे 'काही कळलं नाही' त्याला आठवतंय. आठवण अनुभवाचीच होते, तेव्हा गाढ झोपेतही कोणीतरी साक्षी जागा होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणतात, छे, ही आठवण नाहीच, हे अनुमान आहे. अंग ताजंतवानं झालंय, उजाडलंय, मधलं काही आठवत नाही, त्यावरून माणूस ठरवतो की आपल्याला काही कळत नव्हतं. शेकडो वर्षं दोन्ही बाजूंनी हा वाद लढवला गेला, आणि लढवणाऱ्यांपाशी भूल नव्हती. बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला तो १६ ऑक्टोबर १८४६ला. त्यांना भूल मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं, याची मला फार उत्सुकता आहे.

कारण भूल दोन्ही पक्षांना अडचणीत आणते. मिडाझोलाम नावाचं औषध घ्या. थोडं दिलं की पेशंट शांत होतो. माझ्याशी बोलतो, नाव सांगतो, उजव्या कुशीवर व्हा म्हटलं की होतो, मुलाच्या लग्नाची तारीखसुद्धा सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीही त्याला आठवत नाही. म्हणजे आठवत नाही यावरून जाग नव्हती असं म्हणता येत नाही. ती होती, माझ्यासमोर होती, तिने मला उत्तरं दिली.

याहून अवघड गोष्ट ट्यून्स्टॉल या भूलतज्ज्ञाने १९७७मध्ये दाखवली. स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी पेशंटच्या एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे ते औषध त्या हातात उतरत नाही. बाकी सगळं शरीर निश्चल, डोळे मिटलेले, तोंडात नळी, पण तेवढा एक हात हलू शकतो. मग कानाशी वाकून सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही पेशंट दाबतात. आणि नंतर विचारलं तर म्हणतात, मला तर काहीच कळलं नाही.

हे मी चालता चालता सरांना सांगितलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला थांबलेच. मागचे टाळकरी "माउली, माउली" करत बाजूने निघून गेले.

"म्हणजे हात दाबणारा कोण होता, हा प्रश्न," सर म्हणाले.

"हो."

"की कोणी होता का, हाच प्रश्न?"

सरांचं म्हणणं मी जमेल तेवढं नीट मांडते, कारण ते मला पटत नसूनही सोडवत नाही. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं, मुक्त झालेला माणूस मरणानंतर कुठे जातो? बुद्धांनी उलट विचारलं, समोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? प्रश्नच बसत नाही. सरांच्या मते मावशींचा प्रश्नही तसाच. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, म्हणजे शरीर, संवेदना, ओळख, मनाची वळणं आणि जाणीव, ही पाच अंगं एकमेकांच्या आधाराने चालू असतात, त्या चालण्याला आपण 'मी' म्हणतो. भुलीने त्यांचा आधार तुटला, 'मी' थांबला. जाणारा कोणी नव्हताच, तर जाईल कुठे?

"मग परत कोण येतं?" मी विचारलं. "तीच बाई उठते सर. उठल्या उठल्या नवऱ्याने गोळ्या घेतल्या का, हेच विचारते."

"सवय परत येते. मालक कशाला हवा?"

फेटरी गेली. मला ती गेलेली कळलीच नाही. विणेकऱ्यांनी अभंग धरला होता, टाळ एका लयीत पडत होते, आणि पाय त्या लयीवर आपोआप पडत होते. खड्डा आला की पाय चुकवत होते, ट्रक आला की मी डावीकडे सरकत होते, तोंडाने "विठ्ठल विठ्ठल" चालू होतं. आणि भान आलं तेव्हा गाव मागे पडलेलं. मधल्या रस्त्यातलं एक झाड मला आठवत नव्हतं. आता कोणी मला विचारावं की त्या वाटेवर तू जागी होतीस का? खड्डे कोणी चुकवले? वेदान्ती म्हणेल साक्षीने, सर म्हणतील सवयीने, आणि मी, जिची ती वाट होती, मला यातलं काहीही खात्रीने सांगता येत नव्हतं. स्वतःच्या जाणिवेबद्दल साक्ष द्यायची वेळ आली की सगळ्यात जवळचा साक्षीदारही ऐकीव माहितीवर बोलतो. हे मी पुस्तकातून वाचलेलं होतं. फेटरीच्या पुढे ते पायांनी कळलं.

कळमेश्वरच्या अलीकडे दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि सोयाबीन, मधेच संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची फळं हिरवीगार, लिंबाएवढी. काळी माती चपलेला अशी धरते की दर दहा पावलांनी पाय झटकावा लागतो. एका शेतकऱ्याने झाडाखाली पिठलं-भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. पोटभर जेवलो.

जेवताना सरांनी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा विषय काढला. रामटेकच्या टेकडीशी लोक त्याचं नाव जोडतात, म्हणून नागपूरकराला तो घरचाच वाटतो. दिवा जसा दुसऱ्या वस्तूंना उजळतो तसा स्वतःलाही उजळतो, म्हणून ज्ञानही स्वतःला जाणतं, असं म्हणणाऱ्यांना नागार्जुनाने अडवलं: दिव्यात अंधार कधी होता का, की तो स्वतःला उजळेल? जो आधीच उजेड आहे त्याला उजळणं म्हणजे काय? उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो ते दुसऱ्या दिशेने येतं, पण थांबतं त्याच जागी: ज्याच्यामुळे हे सगळं जाणलं जातं, त्या जाणणाऱ्याला कशाने जाणावं?

मला इथे ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्या आठवतात. चांगदेवांनी कोरा कागद पाठवला होता. मायना काय लिहावा, समोरचा थोर म्हणावा की लहान, हेच ठरेना, असं परंपरा सांगते. उत्तरात ज्ञानदेव आरशाचं सांगतात. आरसा पुढे धरला की तोंड दिसतं, बाजूला केला तरी तोंड जिथल्या तिथेच असतं. दिसण्यासाठी आरसा लागतो, असण्यासाठी लागत नाही.

माझ्या टेबलाशेजारी असाच एक आरसा असतो. बिस मॉनिटर. कपाळावर पट्टी चिकटवायची, तो मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून शून्य ते शंभर यांत एक आकडा देतो. ऑपरेशनच्या वेळी तो ४० ते ६०मध्ये राहावा असं आम्ही पाहतो. त्या आकड्यावर माझा भरवसा आहे, त्याने मला मदत केली आहे. पण केटामिन हे भुलीचं औषध दिलं की पेशंट भुलीत असतानाही आकडा वर जाऊ शकतो. कारण आकडा लहरींचा आहे, जाणिवेचा नाही. प्रोपोफोल हे दुसरं भुलीचं औषध 'गाबा' रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या एका ठरावीक जागेवर, काम करतं, केटामिन मुख्यतः दुसऱ्याच रिसेप्टरवर, आणि झेनॉनसारखा निष्क्रिय वायूसुद्धा भूल देतो. ही औषधं कुठे चिकटतात ते आम्हाला बरंच ठाऊक आहे. त्याने पेशींचं काम मंदावलं की 'मी' का मावळतो, यावर जगात एकमत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५मध्ये यालाच जाणिवेचा कठीण प्रश्न म्हटलं.

माझे तरुण सहकारी म्हणतात, यंत्र सुधारेल, कळेल. यंत्र सुधारावं, मलाही हवं आहे. पण उद्या कितीही बारीक यंत्र आलं, तरी त्याचा आकडा कोणाच्या तरी जाणिवेतच वाचला जाणार. आणि तो खरा की खोटा हे पेशंटला विचारूनच पडताळावं लागणार, ज्याला आठवतच नाही. ही अडचण यंत्राच्या जाडीची नाही असं मला वाटतं. दुसऱ्याची जाण मला फक्त खुणांवरून ओळखता येते, आणि माझी स्वतःची मला खुणांशिवाय मिळते पण दाखवता येत नाही. या दोन गोष्टींमधला सांधा मला आजवर कुठे सापडलेला नाही.

सरांना तो सांधा नसण्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. आणि तरीही त्या न कळण्यावर मी रोज काम करते. म्हणून माझ्या ओटीत एक नियम आहे: पेशंट भुलीत असताना त्याच्याबद्दल वावगं बोलायचं नाही. त्याच्या वजनावर, गाठीच्या आकारावर, वाचण्या-न वाचण्यावर टेबलाशी एक शब्द नाही. नळी घालताना मी नाव घेऊन सांगते, "आता नळी घालतेय, सगळं ठीक आहे." नवीन सिस्टर विचारतात, मॅडम, यांना कुठे ऐकू येतंय? ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४च्या मोठ्या पाहणीत भुलीतलं काही आठवल्याची तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक अशी निघाली. म्हणजे आठवणारे फार थोडे. पण हात दाबून विसरणारे त्या हिशोबात येतच नाहीत. त्यांच्याशी कसं वागायचं ते मला ठरवावं लागतं, काही कळण्याआधीच.

सर कळमेश्वरहून बसने परतले. रात्री शाळेच्या वर्गात मुक्काम, आधी हरिपाठ, मग लगेच झोप. दुसऱ्या दिवशी धापेवाडा. चंद्रभागेवर पाय धुतले, बारीत उभी राहिले. बारी लांब होती. मावशी माझ्या पुढेच होत्या, वृंदावन आता कडेवर. मूर्तीसमोर डोकं टेकलं तेव्हा मागच्यांची घाई होती, दोन क्षणांत बाहेर. त्या दोन क्षणांत काय झालं ते मी लिहू शकत नाही. काही झालं एवढं नक्की.

बाहेर मंडपात गोपाळकाल्याचा प्रसाद खाताना मावशींनी कंबरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन, उजवा डोळा, पुढच्या महिन्यात.

"याच्यात बी तसंच कापून नेतात काय मधातलं?"

"नाही मावशी. यात बहुतेक पूर्ण भूल देत नाहीत, नुसता डोळा बधिर करतात. तुम्ही जाग्याच राहाल. उजेड दिसेल, डॉक्टर बोलतील ते ऐकू येईल."

"सारं ऐकू येईन?"

"सगळं."

"मंग हरिपाठ म्हणू काय तवा?"

"मनात म्हणा. आणि डोकं अजिबात हलवू नका."

"मनातच म्हणीन," मावशी म्हणाल्या, आणि कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला. मग विचारलं, परतीची बस किती वाजता आहे.