थकलेल्या हृदयाला हळू करणारी गोळी

“माह्यं हृदय कमजोर झालं म्हणते डाक्टर, अन् गोळी देली ते ठोके कमी कराची. असं काहून, पोरी?” दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून मोठेबाबांनी फोनवर विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी जगभरातले हृदयरोगतज्ज्ञही हेच विचारत होते.

मी राहते अमेरिकेतल्या ऑगस्टा शहरात. जॉर्जिया राज्यातलं हे गाव. बाहेर पडलं की आपल्यासारखीच कापसाची शेतं, फक्त वेचणी यंत्राने. माझं काम ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर बसून रसायनांचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनांवर चालतं, त्यांची गोष्ट याच शहरातल्या मेडिकल कॉलेजात सुरू झाली. रेमंड आल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीची काही रसायनं प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांवर तपासली. रक्तवाहिन्या आवळण्यात जे सगळ्यांत दुबळं, तेच हृदयाचे ठोके वाढवण्यात सगळ्यांत जोरदार निघालं. सगळी रसायनं एकाच दारातून आत शिरत असती तर क्रम असा उलटला नसता. म्हणून 1948 मध्ये त्यांनी मांडलं, रिसेप्टर दोन जातींचे आहेत, अल्फा आणि बीटा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जेम्स ब्लॅक यांनी घेतलं आणि 1960 च्या दशकात बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध आणलं. त्यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत उंदराचं हृदय काचेच्या नळीला टांगलेलं असतं. 37 अंशांचं, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेलं क्षारांचं पाणी महाधमनीतून मिळत राहिलं की शरीराबाहेरही ते तासन्‌तास धडधडतं. मला आजही ते बघत उभं राहावंसं वाटतं. पाण्यात आयसोप्रिनालिन, म्हणजे बीटा रिसेप्टर चेतवणारं औषध, मिसळलं की पडद्यावरची रेघ उंच होते, दाट होते. ते तसंच चालू ठेवलं, की थोड्या वेळाने रेघ ओसरायला लागते. औषध तेवढंच, पण हृदय आता ऐकत नाही. पेशीच बीटा रिसेप्टरवर फॉस्फेटची खूण करते, अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला चिकटतं आणि रिसेप्टर आत ओढला जातो. हे कोडं उलगडण्यात रॉबर्ट लेफ्कोवित्झ यांच्या गटाचा वाटा फार मोठा. 2012 चं नोबेल त्यांना ब्रायन कोबिल्का यांच्यासोबत रिसेप्टरच्याच कामासाठी मिळालं.

कमजोर हृदयात हेच रात्रंदिवस चालतं. शरीर घाबरून ठोके वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ओतत राहतं. 1982 मध्ये ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी निकामी होत चाललेली मानवी हृदयं तपासली, तेव्हा बीटा रिसेप्टर जवळपास निम्मे उरले होते.

एवढं ऐकून मोठेबाबाच म्हणाले, “म्हणजे थकल्या बैलाले तुतारी टोचून काही होत नाही. त्याले खुट्याले बांधा लागते.”

बरोबर तेच. स्वीडनच्या वाग्स्टाइन यांनी 1975 मध्ये कमजोर हृदयाला बीटा रिसेप्टर अडवणारं औषध देण्याचं धाडस केलं, आणि 1999 मध्ये मेटोप्रोलॉल या त्याच जातीच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. मोठेबाबांच्या पाकिटावर तेच नाव आहे.

काळजी वाटते ती पुढची. सुरुवातीला ही गोळी थोडी थोडी वाढवत नेतात, त्या दिवसांत थकवा वाढल्यासारखा वाटतो आणि माणूस गोळी सोडतो. किंवा पाकीट संपतं, पेरणीची घाई असते, दारव्ह्याला जायला कुणी मोकळं नसतं; कापूस विकला की आणू म्हणतात. गोळी चालू असताना हृदयाने नवे रिसेप्टर उभे केलेले असतात. एकदम थांबवली की सगळे उघडे पडतात, ठोके सुसाट सुटतात, अटॅकही येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आमचा चुलतभाऊ आता बाजाराच्या दिवशी पुढच्या महिन्याचं पाकीट आधीच आणून ठेवतो.

आणि एकमेकांच्या गोळ्या घेऊ नका, हे हात जोडून सांगते. श्वासनलिकांवरही बीटा रिसेप्टर असतात, दम्याचा पंप त्यांनाच चालना देतो. शेजारच्या काकूंना दमा आहे. छाती धडधडते म्हणून मोठेबाबांची गोळी त्यांनी घेतली, तर त्यांचा श्वास कोंडू शकतो.