बर्लिनमध्ये भाड्याचं घर शोधताना

कंपनीने दिलेलं तात्पुरतं अपार्टमेंट सोडायच्या आत स्वतःचं घर शोधायचं होतं. वाकड-बाणेरला आपण आधी कव्हर्ड पार्किंग, जनरेटर बॅकअप आणि टँकरचं विचारतो. इथे ते कुणाच्या गावीही नसतं. मोआबिटमध्ये लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचं घर बघायला गेलो, तर जिन्यात ही रांग! प्रत्येकाच्या हातात फाइल.

घर मस्त होतं; उंच छत, लाकडी जमीन. स्वयंपाकघरात मात्र भिंतीतून डोकावणारे पाइप, बास. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. जाणारा भाडेकरू किचन उचलून नेतो, नाहीतर येणाऱ्याला विकतो. त्यामुळे शोधतानाच 'आइनबाउक्यूशे', म्हणजे बसवलेलं किचन, असा फिल्टर लावा. खोल्या मोजताना हॉलही धरतात, म्हणून 'दोन खोल्या' म्हणजे आपला वन बीएचके.

जाहिरातीतल्या काल्टमीटेला, म्हणजे हीटिंग-पाणी न धरलेल्या नुसत्या भाड्याला, भुलू नका. हीटिंग, पाणी, देखभाल धरून होणारी वार्ममीटे बघा. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहून वेगळं. डिपॉझिटच्या बाबतीत मात्र इथे सुख आहे. कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमीटे, तीही तीन हप्त्यांत देता येते. बंगळुरूला दहा महिन्यांचं डिपॉझिट मोजलेल्यांना हे खरं वाटणार नाही. दलालीही 2015 पासून, जो दलाल नेमेल त्यानेच द्यायची.

फाइलमध्ये नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, पासपोर्ट-व्हिसा हवाच. शूफा या पत नोंदवणाऱ्या कंपनीचा अहवाल मागतात. नव्या माणसाची तिथे काही नोंदच नसते, तेव्हा कॉन्ट्रॅक्ट सगळ्यात वर ठेवा.

माझ्या मते घर निवडताना पहिला प्रश्न एकच: इथे अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होईल का? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. कर क्रमांकही नोंदणीनंतरच पोस्टाने येतो. तो नसेल तर पगारातून कर जबर कापला जाऊ शकतो. 'नोंदणी नाही' म्हणणारं घर कितीही स्वस्त असो, दीर्घ मुदतीसाठी घेऊ नका. आणि 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी पोस्टाने येईल' म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

नोंदणी झाली की मागोमाग रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, घरामागे महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते. एका घरात दोघं-तिघं राहत असाल तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.