मिरीसाठी निघालेले इंग्रज सुरतेला का उतरले?

राजापुरात इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि या काळात एक प्रश्न मला वर्गात, व्याख्यानानंतर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला. मिरी पिकते मलबारात, लवंग आणि जायफळ तर पार पूर्वेच्या बेटांवर. मग मसाल्यासाठी घर सोडून निघालेले इंग्रज सुरतेला कशाला आले? सुरतेच्या आसपास मिरीचे मळे नाहीत. प्रश्न अगदी रास्त आहे. ‘इंग्रज मसाल्याच्या व्यापारासाठी भारतात आले’ या शालेय वाक्यातून त्याचे उत्तर निघत नाही, आणि तुम्हीही परवा तोच विचारलात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढते आहे.

इंग्रज सुरतेला कापडासाठी आले, आणि ते कापड त्यांना हवे होते मसाला विकत घेण्यासाठी. हे समजायला मला स्वतःला वेळ लागला, पण वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसून जे ऐकले होते त्याची मदत झाली. गिऱ्हाईकाच्या मनात नसलेले थान कितीही उंची असले तरी फळीवरच पडून राहते, असे ते म्हणत. लंडनच्या व्यापाऱ्यांची नेमकी हीच अडचण होती.

३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली आणि १६०१च्या फेब्रुवारीत जेम्स लँकेस्टर चार जहाजे घेऊन निघाला. ‘रेड ड्रॅगन’ हे त्यांतले सर्वांत मोठे. या जहाजांवर विकण्याजोगा माल जेमतेम सात हजार पौंडांचा होता आणि चांदीची नाणी मात्र अठ्ठावीस हजार पौंडांहून अधिक किमतीची होती. इंग्लंडचा मुख्य माल म्हणजे लोकरीचे जाड कापड, आणि विषुववृत्ताजवळच्या सुमात्रा-जावात ते अंगावर घालणार कोण? म्हणून चांदी न्यावी लागे. ती नेण्याची परवानगी सनदेतच होती, पण दर सफरीला तीस हजार पौंडांपुरतीच, कारण देशाबाहेर गेलेली चांदी म्हणजे देशाचे नुकसान असे त्या काळी मानले जाई. लोकर खपत नाही आणि चांदी पुरत नाही, अशा अवस्थेत हा व्यापार सुरू झाला.

लँकेस्टर जून १६०२मध्ये सुमात्रातील आचेला पोहोचला. तिथे मिरी पुरेशी मिळेना. ऑक्टोबरात त्याने मलाक्काच्या सामुद्रधुनीत हिंदुस्थानातून माल भरून आलेले एक मोठे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यातून कापडाचे नऊशेहून अधिक गठ्ठे काढून घेतले. ही उघड लूट होती. तिला दुसरे नाव देण्याचे कारण मला दिसत नाही. पण याच लुटीतून कंपनीला आपल्या धंद्याचे मर्म कळले. जावातील बांतामला त्या सुती कापडाच्या बदल्यात मिरी सहज मिळाली. लोकरीकडे न पाहणारे व्यापारी हिंदुस्थानी कापडासाठी पुढे येत होते. लँकेस्टरची जहाजे १६०३ साली दहा लाख पौंड वजनाहून अधिक मिरी घेऊन परतली, आणि बांतामला आपली पहिली वखार उघडण्यासाठी काही माणसे मागे राहिली.

हिंदुस्थानी कापडाला त्या बेटांवर एवढी ओढ का, हा भाग वर्गात सांगताना माझा तास नेहमी अपुरा पडे. इंग्रजांच्या कितीतरी शतके आधीपासून खंबायतचे आणि पुढे सुरतेचे व्यापारी गुजरातचे कापड मलाक्का-जावापर्यंत पोहोचवत होते. पूर्वेकडील बांदा बेटांवरचे लोक जायफळ पिकवत. अन्न आणि वस्त्र त्यांना बाहेरून आणावे लागे. तिथे कापड अंगावर तर घालतच, शिवाय ते नाण्यासारखे चाले आणि घराण्याची ठेव म्हणून जपले जाई. सुलावेसी बेटावरील तोराजा लोकांच्या घराण्यांत गुजरातमध्ये ठशांनी छापलेले कापड पिढ्यान्‌पिढ्या पवित्र वस्तू म्हणून राखले गेले, आणि त्यांतले काही तुकडे अगदी आपल्या काळापर्यंत टिकले. मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास सांगताना आपण जहाजे आणि कप्तान सांगतो, पण त्या व्यापाराची खरी किंमत भरूच, बडोदे, अहमदाबाद इथल्या मागांवर विणली जात होती. ही गोष्ट वगळली की उरलेला इतिहास अर्धवट राहतो, असे मला मनापासून वाटते.

आता सुरतेकडे येऊ. कंपनीच्या तिसऱ्या सफरीतले ‘हेक्टर’ हे जहाज ऑगस्ट १६०८मध्ये सुरतेसमोर नांगरले आणि विल्यम हॉकिन्स पहिल्या जेम्स राजाचे पत्र घेऊन उतरला. त्याला तुर्की बोलता येत असल्याने आग्र्याला जहांगीर बादशहाशी त्याचे थेट संभाषण होऊ शकले. बादशहाने त्याला चारशेची मनसबही (दरबारी हुद्दा) दिली, परंतु वखारीचा कायमचा परवाना काही हाती लागला नाही आणि १६११मध्ये त्याने आग्रा सोडले. अडसर पोर्तुगीजांचा होता. सुरतेची जहाजे समुद्रात जायची तर पोर्तुगीजांचा कार्ताझ हा परवाना लागे. इंग्रजांना आश्रय दिला तर आपली जहाजे जाळली जातील, ही तिथल्या व्यापाऱ्यांची भीती खरी होती.

हा अडसर ढिला झाला तो सुवाळीला. तापीचे पात्र गाळाने भरत असल्याने मोठी जहाजे सुरत शहरापर्यंत जात नसत. ती नदीच्या मुखाच्या उत्तरेस, सुवाळी गावासमोर, किनारा आणि वाळूचा बांध यांच्यामधल्या खोल पाण्यात नांगरत. १६१२च्या नोव्हेंबरअखेर इंग्रज कप्तान टॉमस बेस्टने दोनच जहाजे घेऊन याच भागात चार पोर्तुगीज गॅलियनना (मोठ्या लढाऊ जहाजांना) तोंड दिले. बेस्टच्या दोन जहाजांतले एक होते लँकेस्टरचे तेच जुने ‘रेड ड्रॅगन’. पोर्तुगीजांची काही जहाजे वाळूत रुतली, आणि पोर्तुगीजांना समुद्रावर कोणी रोखू शकत नाही हा समज सुरतेच्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मोडला. पुढच्याच वर्षी वखारीला बादशाही मान्यता मिळाली. १६१५मध्ये आलेला इंग्लंडच्या राजाचा वकील (दूत) टॉमस रो तीनेक वर्षे जहांगीराच्या दरबारी राहिला. गढ्या आणि फौजा पोसून पोर्तुगीज खंक झाले, तुम्ही जमिनीवरच्या लढाया टाळा आणि समुद्रावर शांतपणे व्यापार करा, असे त्याने कंपनीला कळवले होते.

वखारीचे रोजचे काम मात्र लढाईचे नव्हते. प्रत्येक बेटाची लांबीची, काठाची, रंगाची आवड निराळी. त्याप्रमाणे दलाल गावोगाव विणकरांना आगाऊ पैसे देत आणि माल तयार करवून घेत. भरूचचा बाफ्ता, सरखेजच्या निळीत रंगवलेले थान, ठशांची छीट असे गठ्ठे सुवाळीला बैलगाड्यांनी जात. इंग्रजी लोकर इथेही फारशी खपली नाही. हत्तींच्या झुली आणि घोड्यांची खोगिरे यांसाठी थोडी गेली. नाणी कमी पडली की वखारवाले सुरतेच्या सावकारांकडे हात पसरत. त्यांत सर्वांत मोठा वीरजी व्होरा. तो इंग्रजांना कर्ज देई, आणि मलबार-दख्खनची मिरी आधीच घाऊक विकत घेऊन आपल्या भावाने त्यांनाच विके. मिरीच्या शोधात निम्मे जग ओलांडून आलेल्यांना ती सुरतेच्या एका शेठकडून, त्याच्याच पैशांनी, घ्यावी लागावी, यावरून त्या काळी बाजार कोणाच्या हाती होता हे दिसते. (याच वीरजीचा वाडा शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये सुरतेवर घातलेल्या छाप्यात लुटला गेला.)

‘मग ते आपल्याकडे का आले?’ हा राजापूरकरांचा पुढचा प्रश्न असतो. इथे ते खरोखर मिरीसाठी आले. घाटावरची मिरी आणि वेलची राजापूर बंदरात उतरे, आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वखार घातली. पण १६६० साली इथल्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या मदतीला पन्हाळ्याच्या वेढ्यात गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर तोफा डागल्या. रोचा सल्ला इतक्या लवकर विसरला गेला. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर घेतले आणि वखारवाल्यांना कैदेत टाकले.

मसाल्याच्या बेटांवर मात्र इंग्रजांचा जम बसला नाही. १६२३मध्ये अंबोयना इथे डचांनी कटाच्या आरोपावरून दहा इंग्रजांना देहदंड दिला, आणि त्यानंतर लवंग-जायफळाचा तो प्रदेश हळूहळू पूर्णपणे डचांच्या हाती गेला. सुरतेची वखार राहिली, आणि कापडही राहिले. जे केवळ मिरीचा मोबदला म्हणून विकत घ्यायचे, तेच आता थेट लंडनला जाऊ लागले. हलके, धुतले तरी रंग न सोडणारे हे कापड तिथल्या लोकांना इतके आवडले की शतकाच्या अखेरीस ते कंपनीचा प्रमुख आयात माल बनले. लंडनचे विणकर रस्त्यावर उतरले. १७०० साली इंग्लंडच्या संसदेने बाहेरून आणलेले छापील सुती कापड देशात वापरण्यावर बंदी घातली, आणि तीही अपुरी पडली म्हणून १७२१मध्ये तिला आणखी कडक कायदा करावा लागला.