झाकणवाली गिटार

काल दुपारी ओट्यावरून काहीतरी पडलं, फरशीवर गरगर फिरलं आणि थरथरत गप्प झालं. आतल्या खोलीत भिंतीला टेकलेल्या माझ्या गिटारीनं त्याला बारीकशी ओ दिली.

ही रेझोनेटर गिटार. पोटावर मोठं जाळीदार झाकण. घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "गिटार आणलीस की कुकर?" तसं तिचं चुकलं नव्हतं. बँडच्या गलक्यात बिचारी गिटार ऐकूच येईना, म्हणून १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या मूळच्या स्लोव्हाक कारागिरानं तिच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ, शंकूच्या आकाराचे कोन बसवले. विजेशिवाय लाउडस्पीकर! मोबाइल स्टीलच्या पेल्यात ठेवून आपण दुसरं काय करतो?

माझी वापरलेली, स्वस्तातली. आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा. मग सुरू झाला माझा आवडता रोग. तारा सैल केल्या, स्क्रू काढले. आतला साडेनऊ इंची कोन कशानंही चिकटवलेला नव्हता, नुसता तारांच्या दाबाखाली बसलेला. त्याच्यावर घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, धरणारी लाकडी चकती, तिला चक्क बिस्किट म्हणतात. कोन नवा, बिस्किट नवं, वरची पट्टी हाडाची. एवढ्या पैशात आणखी एक गिटार आली असती. पण महागडी असती तर उघडायची छाती झाली असती का?

लहानपणी मामाबरोबर मिरजेला तंबोरा घेऊन गेलो होतो. कारागीर घोडीवरून कानस फिरवायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा कानस. मला वाटलं, याला जमत नाहीये. तासाभरानं त्यानं तारेखाली दोरा सरकवला आणि अख्खं दुकान गुंजायला लागलं. मामा काही बोलला नाही, नुसता मांडी घालून खाली बसला.

तिकडे जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झणकार, आणण्यासाठी एवढा जीव काढतात, आणि मी इकडे खरखर घालवण्यासाठी गिटारीवर जागोजागी बोट दाबत बसतो. दोन्हींत काय फरक आहे ते मला कळतं, पण सांगता येत नाही. नवा कोन मात्र छान बोलतो. एक खरखर उरलीच आहे, रविवारी बघू.

जुना कोन आईनं दुधाच्या पातेल्यावर झाकायला घेतला. मधोमध स्क्रूचं भोक आहे, वाफ जायला बरं, म्हणाली. काल पडला तो तोच.