वेंगुर्ल्याला सॅनेटोरियम शोधायला जाणाऱ्यांसाठी

वेंगुर्ल्यात मुलांचे जुने सॅनेटोरियम पाहायला जाण्याचा कोणाचा विचार असेल, तर मला तशी इमारत सापडली नाही हे आधीच सांगतो. आणि न सापडलेल्या इमारतीसाठी मी रिक्षाला चारशे रुपये मोजले.

माझ्या वडिलांना सातव्या वर्षी गंडमाळा, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय, झाल्या होत्या. १९४७ च्या दिवाळीनंतर त्यांना नंदगडहून समुद्राच्या हवेसाठी चार महिने वेंगुर्ल्याला ठेवले होते, आणि घरात त्या मुक्कामाचा उल्लेख कायम ‘सॅनेटोरियमात असताना’ असाच होत असे. बेळगावातील एका परिचितांनी ती वास्तू बंदराच्या वाटेवर अजून उभी असल्याचे छातीठोकपणे सांगितले, म्हणून निघालो.

बेळगावहून हिंडलगा, बाची, शिनोळी करत आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ले हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा जुना रस्ता आहे; इंग्रजांच्या काळी वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे याच वाटेने चढत असे. पावसाळ्यातल्या रविवारी हा रस्ता धरूच नये, धबधब्यापाशी गाड्या अडकून पडतात. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की बसगाड्या हद्दीपाशीच थांबतात, तेव्हा आदल्या दिवशी आगारात विचारून घ्यावे.

आता रिक्षाबद्दल. स्थानकाबाहेर मी ‘सॅनेटोरियम’ हा शब्द उच्चारताच एकाने मान डोलावली, भाडे ठरवण्याआधी माझी पिशवी आत ठेवली आणि पाच-सात मिनिटांत झाडोऱ्यात बुडालेल्या दगडी पडक्या भिंतींपुढे मला उतरवून ‘हेच ते जुने हॉस्पिटल’ असे सांगितले. ती डच वखार होती. सतराव्या शतकात डचांनी व्यापारासाठी बांधलेल्या त्या वखारीत मुलांना हवापालटासाठी कोणी ठेवले असेल, हे मलाही क्षणभर खरे वाटले, याची आता लाज वाटते. ‘वेटिंग’ धरून चारशे. घासाघीस केली, पण पिशवी त्याच्या ताब्यात होती. भाडे ठरवल्याशिवाय पिशवी हातातून सोडू नये, आणि दोन किलोमीटर उन्हात चालता येत असेल तर रिक्षा करूच नये.

आजीने नंदगडला पाठवलेले एक कार्ड माझ्याजवळ होते. त्यावरचा पत्ता वाचून एका किराणा दुकानदाराने बाजारपेठेमागची गल्ली दाखवली. तिथे सॅनेटोरियम नव्हते. एक कौलारू घर होते, आणि त्याला पश्चिमेकडे उघडी, लांब पडवी. खांबांना कमरेइतक्या उंचीवर लोखंडी कड्या होत्या, त्यांतून काथ्याची दोरी ओवून बाजेला आडोसा बांधत. ऐंशी ओलांडलेल्या घरमालकीणबाई म्हणाल्या, “घाटावरची पोरां हयच रवत. सकाळी उनात बसयत, मगे पेज.” भाडेकरू म्हणून आलेल्या आया आणि त्यांची पोरे, एवढेच ते ‘सॅनेटोरियम’.

आजीला ठाऊक नव्हते, पण ती त्या पडवीत जे करत होती त्याला युरोपात दीडशे वर्षांची परंपरा होती. लंडनच्या गरीब गंडमाळाग्रस्तांसाठी डॉक्टर लेट्सम यांच्या पुढाकाराने १७९१ मध्ये स्थापन झालेले, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे मार्गेटचे समुद्रस्नान रुग्णालय १७९६ मध्ये सुरू झाले, आणि तिथेही रुग्णांना उघड्या ओवऱ्यांत झोपवत. इटलीत डॉक्टर बारेल्लाई यांनी व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर मुले पाठवायला १८५६ मध्ये आरंभ केला. फ्रान्समधील बर्क येथे १८६१ मध्ये लाकडी रुग्णालय उभे राहिले आणि १८६९ मध्ये मोठ्या इमारतीचे उद्घाटन खुद्द सम्राज्ञी युजेनी हिच्या हस्ते झाले. खाऱ्या पाण्याने क्षयाचा जंतू मरत नाही. तो जंतू जर्मन डॉक्टर कोख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला, तरी मुले किनाऱ्यावर जातच राहिली, कारण कोंदट खोलीतून सुटका, ऊन, विश्रांती आणि पोटभर अन्न यांनी काही मुले खरोखर सावरत. १९४३ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला, पुढे आणखी औषधे आली आणि किनाऱ्यावरच्या खाटा रिकाम्या झाल्या. मार्गेटचे रुग्णालय १९९६ मध्ये बंद पडले. आता तिथे फ्लॅट आहेत. वडिलांच्या वाट्याला इंजेक्शन आले नाही, पडवी आली, आणि मानेवर सुरकुतलेला व्रण घेऊन ते एकोणऐंशी वर्षे जगले.

इमारतच पाहायची असेल, तर चिकोडी-अथणीकडच्यांनी मिरजेजवळची वानलेसवाडी गाठावी. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम तिथे १९२० मध्ये सुरू झाले होते. समुद्र मात्र नाही.

दुसरा दिवस शिरोड्याला गेला, चांगला गेला, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. पडवी पाहायला जाणार असाल तर दुपारी दोन ते चार टाळावे, बाई झोपलेल्या असतात. बाजारपेठेतून स्थानकापर्यंत मी परत चालत आलो. घड्याळ लावून एकवीस मिनिटे लागली.