टाकी भरून वाहते, तरी मोटर बंद का होत नाही?

नागपुरात बोअरचं पाणी टाकीत चढवलं, की स्टीलच्या सळ्यांच्या सेन्सरवर क्षारांचा पांढरा थर बसतो. पाणी सळ्यांना टेकलं की त्यांच्यातून करंट वाहतो आणि त्यावरून मोटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला पातळी कळते. थर जाड झाला की करंट वाहत नाही, टाकी रिकामी आहे असं कंट्रोलरला वाटतं आणि पाणी गच्चीवरून वाहतं. उलटंही होतं: दोन सळ्यांमध्ये ओली शेवाळ अडकली तर टाकी कायम भरलेलीच दिसते आणि मोटर सुरू होत नाही. सळ्यांना सतत डीसी मिळत असेल तर धन टोकाची सळी हळूहळू झिजते. सायट्रिक अॅसिडने घासून फरक पडतो, पण तात्पुरता.

त्यापेक्षा रीड स्विचचे चुंबकी फ्लोट लावा: पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंग्यातल्या चुंबकाने दांडीतला छोटा स्विच चालू-बंद होतो. मोटर बंद करणारा वरचा फ्लोट ओव्हरफ्लो पाइपच्या 10 सेंमी खाली, सुरू करणारा खालचा आउटलेटच्या 15 सेंमी वर. फ्लोट दांडीवर उलटा घातला की स्विचचं काम उलटं होतं. म्हणून बसवण्याआधी मल्टिमीटरवर बीप तपासाच. या स्विचमधून मोटरचा करंट कधीही नेऊ नका, त्याचे संपर्क चिकटतात. त्याने फक्त 12 व्होल्टचा रिले (छोट्या करंटवर चालणारा विद्युत स्विच) चालवायचा आणि मोटर कॉन्टॅक्टरवर (मोठा करंट पेलणाऱ्या स्विचवर) घ्यायची.

खरा घात होतो वायरच्या जॉइंटवर. मे महिन्यात गच्चीवर उघडी वायर कडक होऊन तडकते, नुसती टेप सुटते. जॉइंट टाकीबाहेर ठेवा, सोल्डर करून गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवा आणि वायर पाइपातून खाली आणा.